बावन्नावी रिंग

मोलोखियाच्या हिरव्या पातळ भाजीचं पातेलं अजून वाफाळत होतं, सशाच्या तुकड्यांना कोणी हातही लावला नव्हता, आणि अवातिफनं तुपाचा डबा आणून जेवणाच्या मेजावर उपडा केला. डब्यातून तूप आलं नाही. बावीस पितळी रिंगा खणखणत बाहेर पडल्या. त्यातली एक घरंगळत भाताच्या परातीपर्यंत गेली, दोनदा डोलली आणि आडवी झाली... शुक्रवारच्या त्या मंगल दुपारी, बिल्बैसमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात अशी भयाण शांतता पसरली, की गच्चीवरच्या कबुतरांचं घुमणंसुद्धा साक्ष दिल्यासारखं वाटू लागलं.

“कोण आहे ती?” अवातिफनं विचारलं.

उस्ता बयूमीचा घास हातातच राहिला. एकोणसाठ वर्षांचा तो माणूस, छत्तीस वर्षं यंत्रांपुढे उभा राहिलेला; मोठमोठे इंजिनीअर ज्याला ‘उस्ता’ म्हणून हाक मारताना आवाज खाली आणत. पण बायकोपुढे त्याची उस्तादकी कधीच चालली नव्हती.

“कोण कोण?” तो म्हणाला.

“जिचे दागिने कबुतरांच्या खुराड्यात, तुपाच्या डब्यात लपवलेत ती.”

“दागिने नाहीत ते.”

“मग काय आहे?”

उस्तानं तोंड उघडलं. क्षणभर त्याची नजर समोर बसलेल्या मुलीकडे, रीहामकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत फिरली. मग त्यानं तोंड मिटलं.

“बघ, बोलवत नाही त्यांना,” अवातिफ मुलीला म्हणाली. तिनं एक रिंग उचलून स्वतःच्या बोटात घातली. “गरगर फिरते माझ्या बोटात. माझ्या! ज्या बाईचं बोट एवढं, ती बाई केवढी असेल? आणि बावीस अंगठ्या. हाताची बोटं दहा. म्हणजे पायातसुद्धा घालते. तरी दोन उरतात.”

“आई...”

“झगाझिगची असणार. तिकडच्या बायका अशाच थोराड असतात.”

“अवातिफ, तुला जे समजायचं ते समज,” उस्ता शांतपणे म्हणाला आणि हातातला घास खाली ठेवून उठला.

तिनं समजून घेतलं. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं पहिल्यांदाच तिला एखादी गोष्ट समजायची मोकळीक दिली होती. ती तिनं पुरेपूर वापरली. डोक्यावरच्या रुमालाआड तोंड लपवून ती रडू लागली, आणि रडता रडता तिनं रिंगा पुन्हा मोजल्या.

रीहामनं मात्र त्या रिंगा पाहताक्षणी ओळखल्या होत्या. आशिर शहरातल्या कारखान्यातलं चार नंबरचं मशीन. गॅसच्या व्हॉल्व्हमध्ये बसणारी पितळी रिंग, आतलं भोक चोवीस मिलिमीटर, वर वीस मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाची सूट. तिच्यावर सव्वीस वर्षांच्या आयुष्यातली चार वर्षं तिनं घालवली होती. ती ओळखणार नाही तर कोण ओळखणार? तिच्या काळजात कळ उठली ती वेगळ्याच कारणानं. बाबा आपल्या बिघडलेल्या रिंगा घरी आणून लपवतात... म्हणजे त्यांना ठाऊक आहे, की त्यांचे डोळे गेले. आणि हा मानी माणूस, अरे देवा, हा मानी माणूस दुसऱ्या बायकोचा आळ सोसायला तयार आहे, पण दिसत नाही असं म्हणायला तयार नाही.

तिनं भात ओढून घेतला आणि रिंगांकडे पुन्हा न बघता मान खाली घातली. कारण कपाटावरच्या हिवाळी बुटांमध्ये तिच्या स्वतःच्या तेवीस रिंगा होत्या.

*

सगळं सुरू झालं होतं सात जुलैला.

चार नंबरवर सकाळी सहाला उस्ता बयूमी उभा राही आणि दुपारी दोनला त्याची जागा रीहाम घेई. बापानंच तिला हे काम शिकवलं होतं. हत्यार कसं लावायचं, शून्य कुठे धरायचा, आणि पडद्यावरचा ऑफसेटचा आकडा कसा हळुवार बदलायचा. आकडा एवढासा बदलला की हत्यार तेवढंसं सरकतं. संगणकाला वाटतं सगळं तो करतो; पण तो आकडा कोणी माणूसच टाकतो, आणि आकड्यात माणसाचं सगळं येतं, असं उस्ता म्हणायचा.

कारखान्याचा एक नियम होता. पाळी सुरू होताना निघालेली पहिलीच रिंग बिघडली, तर दोष रजिस्टरात आधीच्या पाळीच्या सेटरच्या नावावर लागायचा. मशीनवर शेवटचा हात त्याचा, म्हणून. आणि उस्ताचा स्वतःचा एक नियम होता. खराब जॉब, म्हणजे बिघडलेला नग, निनावी फेकायचा नाही. सुईनं त्यावर तारीख कोरायची. माप मोठं झालं असेल तर वर टोक केलेला बाण, लहान झालं असेल तर खाली. “मेलेल्या माणसालासुद्धा नाव असतं,” तो म्हणायचा. रीहामला ते वयाच्या बाराव्या वर्षापासून पाठ होतं.

सात जुलैला दुपारी तिनं मशीन सुरू केलं, पहिली रिंग काढली, आणि माप तपासायचं गेज तिच्या भोकात जाईना. माप लहान.

बाबांचं? तिचा विश्वास बसेना. मग तिला आठवलं, जाण्यापूर्वी बाबा ड्रॉइंगचा कागद हात लांब करून धरत होते, मग जवळ आणत होते, मग पुन्हा लांब...  रजिस्टरात लिहिलं तर निवृत्तीला आठ महिने उरलेल्या माणसाच्या नावापुढे छत्तीस वर्षांतला पहिला तांबडा शेरा लागणार होता. तिनं रिंगेवर तारीख कोरली, खाली टोक केलेला बाण कोरला आणि रिंग मोज्यात घातली.

पण नुसतं लपवून भागणार नव्हतं. बाबा रोजच माप लहान ठेवणार. मग तिनं एक उपाय काढला. सासू सगळ्यात दोनदा मीठ घालते हे कळलेली सून जशी आमटी आधीच अळणी करून ठेवते, तसं ती रात्री मशीन बंद करताना माप वीस मायक्रॉन मोठं करून ठेवू लागली. सकाळी बाबा येतील, नेहमीसारखं लहान करतील, आणि रिंग बरोबर उतरेल.

तरीही रोज दुपारी तिची पहिली रिंग लहानच निघे. रोज. तिचा संशय रोज पक्का होत गेला, आणि बुटांचं वजन वाढत गेलं.

घरातही आता कोणी कोणाकडे सरळ बघत नव्हतं. शनिवारी सकाळी तिनं खोकल्याची बाटली बापापुढे धरली.

“बाबा, हिची तारीख बघा ना, संपलीय का?”

“ऑक्टोबर, पुढच्या वर्षीचा,” उस्ता न थांबता म्हणाला.

बरोबर होतं. रीहामचा संशय दुप्पट झाला: पाठ करून ठेवलंय. मग त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “चोवीस सत्ते किती?”

“काय?”

“चोवीस सत्ते.”

“एकशे अडुसष्ट. का?”

“काही नाही.” पण त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेली नाही. दोन महिन्यांपूर्वी तिचा साखरपुडा मोडला होता. मुलाकडच्यांची अट होती, लग्नानंतर मशीन सोडायचं. तिनं मुलालाच सोडलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. शेजाऱ्यांना ते धाडस वाटलं, आईला अपशकुन वाटला. बापानं काहीच म्हटलं नव्हतं. मात्र तेव्हापासून तो तिला अधूनमधून पाढे विचारायचा.

अवातिफचं तिसरंच चाललं होतं. ती बाजारात जाई तेव्हा तिची नजर भाजीवर नसे, बायकांच्या हातांवर असे. खजूर विकणारी एक थोराड बाई तिनं दोन दिवस नजरेखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी चौकशीत कळलं, की त्या बाईला नऊ मुलं आहेत आणि नवरा खाटीक आहे. अवातिफनं तिला सोडून दिलं. पण खजूर घेतले नाहीत.

*

सोमवारी दोन वाजता, पाळी बदलायच्या वेळी, इंजिनीअर वजीह चार नंबरपाशी येऊन उभा राहिला. बाप आणि लेक दोघंही तिथेच होती. वजीह हा तिशीतला, किरकोळ बांध्याचा माणूस होता. वाईट बातमी देताना तो चष्मा पुसत असे. आता तो चष्मा पुसत होता.

“उस्ता, या मशीनला दिलेलं पितळ आणि बाहेर पडलेल्या रिंगा यांचा मेळ बसत नाही. पन्नासच्या आसपास रिंगा गायब आहेत. खराब मालात नाहीत, चांगल्या मालात नाहीत.”

 आसपासच्या तीन मशीनवरचे लोक एकदम आपापल्या कामात फार गढून गेले.

“पितळ आहे. बाहेर विकलं जातं,” वजीह म्हणाला. “मला वाटत नाही, पण मला वाटून उपयोग नाही. उद्या दुपारी दोनला माझ्या खोलीत मला नाव हवं. नाही मिळालं, तर चोरीचा कागद वर जाईल, आणि मग दोघांपैकी कोण राहील ते वरचे ठरवतील.”

तो गेला. रीहामनं बापाकडे पाहिलं. बाप तिच्याकडेच पाहत होता. त्या एका नजरेत केवढं कारुण्य होतं, केवढी क्षमा... तिला वाटलं, ही नजर म्हणतेय, पोरी, मी आंधळा झालो.  चोर. बिल्बैसच्या कॉफीच्या दुकानात ज्या माणसासाठी खुर्ची राखून ठेवतात, तो निवृत्तीच्या तोंडावर चोर म्हणून घरी यायचा. नाही. ती तरुण होती. तिला दुसरा कारखाना मिळेल. नाही मिळाला, तर ती शिवणयंत्र चालवील. तिनं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोनला पाच मिनिटं कमी असताना ती वजीहच्या खोलीत शिरली. हातात घडी घातलेला कागद होता: गहाळ झालेल्या सगळ्या रिंगा मी घेतल्या, माझ्या वडिलांचा यात काही संबंध नाही.

खुर्चीवर उस्ता बयूमी आधीच बसला होता. गुडघ्यांवर हात, धुतलेला सदरा, दाढी केलेली. वजीहपुढे शुक्रवारनंतरच्या चार रिंगा मांडलेल्या होत्या.

“ये,” वजीह थकलेल्या आवाजात म्हणाला. “तुझ्या आधी एक चोर येऊन बसलाय.”

“बाबा?”

“बाहेर जा, रीहाम,” उस्ता म्हणाला.

तिनं कागद टेबलावर ठेवला. वजीहनं तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“उस्ता म्हणतात चोरी त्यांनी केली. तू म्हणतेस तू केलीस. माझ्या भावाच्या कारखान्यात चोर पकडायला कॅमेरे लावलेत. मला इथे चोरांना रांगेत उभं करायला माणूस लागेल असं दिसतंय.”

“साहेब, तिचं ऐकू नका,” उस्ता म्हणाला.  “तिचं लग्न मोडलंय. पोरीचं चित्त ठिकाणावर नाही. रात्री मशीन सोडताना माप मोठं राहतं तिचं. रोज सकाळी पहिली रिंग मोठी निघते. लिहिलं असतं तर तिच्या नावावर पडलं असतं. म्हणून मी नेल्या. पोर माझी आहे, रिंगाही माझ्याच धरा.”



“मोठं? माझं माप?” तिनं विचारलं. “बाबा, बिघडतं ते तुमचं. तुम्हाला दिसत नाही. दुपारी पहिली रिंग रोज लहान निघते, रोज. मी महिनाभर तुमच्या रिंगा बुटांत भरतेय.”

“माझं माप लहान?” उस्ता उभा राहिला. छत्तीस वर्षांत त्याला हे कोणी म्हटलं नव्हतं, आणि आता त्याच्याच रक्तामांसानं म्हटलं होतं... “मी तर मुद्दाम लहान ठेवून जातो. तू मोठं करतेस म्हणून.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम. वीस मायक्रॉन. तू आल्यावर मोठं करशील, आणि ते बरोबर होईल, म्हणून.”

 नेमक्या त्याच वेळी दार उघडलं आणि गेटवरचा म्हातारा पहारेकरी अम्म साबिर धापा टाकत आत आला.

“साहेब, माझं काही चाललं नाही. त्या म्हणाल्या, झडती घ्यायची तर मीच तुझी घेईन.”

त्याच्या मागून अवातिफ आली. काळा झगा, खांद्यावर बाजाराची पिशवी, उजव्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. तिनं खोलीतल्या चौघांवरून नजर फिरवली आणि पिशवी वजीहच्या टेबलावर ओतली. रिंगांचा ढीग पडला.

“आता कुठेय ती?” ती म्हणाली. “मला वाटलं होतं माझाच नवरा फसलाय. आज कपाट आवरताना पोरीच्या बुटांतसुद्धा याच निघाल्या. माझ्या पोरीलाही अंगठ्या देऊन फितवलंय तिनं. साहेब, तुमच्या कारखान्यात जाड बोटांची जी कोणी बाई आहे, तिला बोलवा. मी हात लावणार नाही. फक्त बघणार आहे.”

“बाई,” वजीह सावकाश म्हणाला, “या अंगठ्या नाहीत. हा माझा माल आहे.”

“म्हणजे तुम्हीसुद्धा तिला देता?”

 वजीहनं एक रिंग उजेडात धरली होती. मग दुसरी धरली. “यावर तारखा आहेत,” तो म्हणाला. “आणि बाण.”

त्यानं टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि तारखांच्या क्रमानं रिंगा मांडू लागला. उस्ताचे थरथरते बाण वर टोक केलेले. रीहामचे नेटके बाण खाली. सकाळ, दुपार. मोठी, लहान. मोठी, लहान. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, मग परत. एखाद्या चाळीतल्या दोन शेजारणींनी महिनाभर एकमेकींच्या दारातला केर एकमेकींच्या दारात लोटावा, तशी ती रांग दिसत होती. फरक एवढाच, की इथे लोटणारी दोघं एकमेकांवर जीव टाकत होती.

“देवा,” वजीह म्हणाला. “ती मोठं ठेवून जाते, कारण तुम्ही लहान कराल. तुम्ही लहान ठेवून जाता, कारण ती मोठं करील. आणि दोघांपैकी कोणीच काही करत नाही.”

बाप आणि लेक रांगेकडे पाहत राहिली.  एक महिना... एक महिना ती रोज रात्री स्वतःच्या हातानं बापाची सकाळ बिघडवत होती, आणि त्याला पुण्य समजत होती.

“पण सुरुवात?” उस्ता पुटपुटला. हा माणूस मरतानाही आधी कारण विचारील. “माझी पहिली रिंग आठ जुलैची. मोठी. म्हणजे सातला रात्री हिनं मोठं ठेवलं.”

“कारण सातला दुपारी तुम्ही लहान ठेवलं होतंत.”

“मी सातला काही बदललं नव्हतं.”

“माझ्याकडे रिंग आहे सातची. दाखवते.” तिनं रांगेच्या सुरुवातीला पाहिलं. तिथे आठ तारखेची रिंग होती. ढीग संपला होता.

वजीहनं मोजल्या. “एक्कावन्न. रजिस्टरप्रमाणे बावन्न हव्यात.”

खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे संशयानं पाहिलं; महिनाभरात तेवढाच एक सराव सगळ्यांचा पक्का झाला होता. शेवटी अम्म साबिरनं घसा खाकरला आणि म्हणाला, “बाईसाहेब, अंगठ्याला काय झालंय?”

“कापलंय.”

“रक्त दिसत नाही.”

अवातिफनं हात पाठीमागे नेला. मग तिचा चेहरा हळूहळू कोसळला. तिनं फडकं सोडलं. अंगठ्याच्या दोन्ही पेरांच्या मधोमध, सुजलेल्या मांसात घट्ट रुतून, बावन्नावी रिंग बसली होती.

“आज सकाळी बुटातून हीच पहिली हातात आली,” ती हळू आवाजात म्हणाली. “बघायचं होतं, केवढं बोट लागतं ते. मग निघेना.”

कोणी हसलं नाही. वजीहनं मशीनच्या तेलाची कुपी मागवली. उस्ता बयूमीनं बायकोचा हात हातात घेतला, अंगठ्यावर तेल सोडलं आणि रिंग फिरवत फिरवत, एकेक केस हलवावा तशी, बाहेर काढली. फार वर्षांनी त्यानं तिचा हात एवढा वेळ धरला होता. ती खाली मान घालून उभी होती.

“जेवताना विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?” ती म्हणाली. “पाच दिवस मी मनातल्या मनात त्या बाईशी भांडतेय.”

“सांगितलं असतं तर पोरीचं नाव आलं असतं.”

“म्हणून स्वतःचं घालवलंत?”

“तुझ्यापाशी माझं नाव होतं कुठे कधी,” उस्ता म्हणाला, आणि अवातिफ रडू लागली. या वेळी काहीही न मोजता.

वजीहनं तेलकट रिंग फडक्यानं पुसली. “सात जुलै. बाण खाली.”

“सात जुलै?” अम्म साबिर म्हणाला. “रविवार? त्या दिवशी दुपारी वीज गेली होती की, दोन तास. गेट मी हातानं उघडत होतो. खांदा अजून दुखतो माझा.”

रीहामनं डोळे मिटले. सगळं समोर उभं राहिलं. दीड ते साडेतीन कारखान्यात अंधार. बाबा हाताशी असलेला बॅटरीचा दिवा धरून ड्रॉइंग लांब धरत, जवळ आणत होते. अंधारात तिलाही तसंच करावं लागलं असतं. मग वीज आली, माल घाईचा होता, आणि तिनं मशीन अर्धा तास नुसतं फिरवून तापवलं नाही. थंड लोखंड आखडतं, तापलं की पसरतं. हे तिला बाराव्या वर्षी बापानं चहाचा चमचा दाखवून शिकवलं होतं. तिनं त्या दिवशी दोष लोखंडाला द्यायचा, तो बापाच्या डोळ्यांना दिला. वीज साडेतीनला परत आली. पण संशयाला वीज लागत नाही, तो तेव्हापासून चालूच राहिला.

“बाबा,” ती म्हणाली, “मशीन थंड होतं.”

उस्तानं मान हलवली. त्याला आधीच कळलं होतं. तो पुढे आला, आणि त्या तेलकट, काळ्या पडलेल्या हातानं त्यानं तिच्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला, ती शाळेत जाताना करायचा तसा. रीहामनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि महिनाभराचं सगळं तिथे वाहून गेलं...

वजीह खिडकीबाहेर पाहत चष्मा पुसत होता. “दोघांनाही लेखी ताकीद देणार आहे,” तो खिडकीला म्हणाला. “खराब माल लपवणं चूकच आहे. चोरीचा कागद मी फाडतो. आणि पाळी संपताना शेवटच्या अर्ध्या तासात त्या आकड्याला कोणी हात लावायचा नाही. प्रेमानंसुद्धा नाही. आता चला, एक रिंग काढून दाखवा.”

*

चार नंबरचं मशीन दुपारच्या उन्हासारखं तापलेलं होतं. अवातिफला अम्म साबिरच्या स्टुलावर बसवून तिच्या हातात चहा दिला होता. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांकडे अजूनही सवयीनं पाहत होती. उस्तानं पडद्यावरचा सकाळचा आकडा पुसला. रीहामनं आपला पुसला. मग दोघंही मागे सरली, आणि कोणाच्याही मदतीशिवाय मशीननं पितळ कापायला सुरुवात केली. सोनेरी कीस वळ्यावळ्यांनी खाली पडत होता. रिंग पन्हाळीतून बाहेर आली.

उस्तानं ती पुसून बोटांवर फिरवली. मग खिशातलं मायक्रोमीटर काढून तिच्यापुढे धरलं.

“तू वाच.”

“तुम्ही वाचा ना, बाबा.”

तो जवळ सरकला. बोलला तो इतक्या हळू, की मशीनच्या आवाजात दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नसतं.

“दोन वर्षं झाली. डावा गेलाच आहे. उजवा चाललाय. बारीक रेषा दिसत नाहीत.”

रीहामनं त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. “मग माप?”

“गेज आत जाताना हाताला सांगतं. किती घट्ट, किती सैल. बोटांना अजून दिसतं.” त्यानं रिंग पुन्हा बोटांवर फिरवली. “खोकल्याच्या बाटलीची तारीख तुझ्या आईनं वाचून दाखवली होती.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. संशय खरा होता. चूक मात्र कोणाचीच नव्हती. मग तिलाही आपलं लपवून ठेवावंसं वाटेना.

“मी येताना बसमध्ये रडते, बाबा,” ती म्हणाली. “रोज. कारखान्याच्या वळणावर तोंड पुसते. मला वाटलं होतं, मी त्याला सोडल्यावर मला काही वाटणार नाही.”

“ठाऊक आहे,” उस्ता म्हणाला. “तुझ्या पापण्यांवर मीठ असतं. तेवढं दिसतं मला.”

 बाजूच्या मशीनवरचा माणूस मान वळवून पाहू लागला, तेव्हा रीहामनं मायक्रोमीटर हातात घेतलं, रिंगेत बसवलं, मूठ हलकी फिरवली आणि डोळे पुसून रेषा वाचली.

“चोवीस, शून्य, एक.”

त्या वीस मायक्रॉनच्या सुटीच्या बरोबर मधोमध.

उस्ता बयूमीनं रिंग चांगल्या मालाच्या पेटीत ठेवली आणि हात पुसले.

“मलाही तेवढंच वाटलं होतं,” तो म्हणाला.